नवे नाल

घोडा दारात बांधला की चाऱ्यानेच कंबरडं मोडतं. औषधं आणि नालबंद वेगळेच. म्हणून तबेल्याच्या म्हाताऱ्या मालकाने मुलाला लहानपणीच पढवलं होतं, "जे जनावर ठेवायचं नाही, त्याला नवे नाल ठोकून घेऊ नयेत."

गेल्या महिन्यात नालबंद आला, तेव्हा मुलाने थकलेल्या घोड्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "याला आता नवे कशाला?"

चार दिवसांत घोड्याची जागा रिकामी झाली. "पोरगं तयार झालं," म्हातारा खुशीत म्हणाला.

आज म्हाताऱ्याच्या चपलेचा अंगठा तुटला. "बाजारात चाललायस, तर मला नवी चप्पल आण रे."



मुलाने बापाच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "आता नवी कशाला, बाबा?"