एका नंबरची त्रेचाळीस लेकरं

"पुसून टाक सगळी. बोगस आहेत," अनिमेष म्हणाला.

रुद्राणी स्क्रीनकडं बघत राहिली. त्रेचाळीस विद्यार्थ्यांची त्रेचाळीस खाती, आणि मोबाईल नंबर सगळ्यांचा एकच. लातुरातल्या क्लासेसच्या वेबसाइटसाठी तिनं आणि अनिमेषनं आठ महिने खपून हे प्लगिन तयार केलं होतं. खातं उघडणं, पासवर्ड, ओटीपी, कोणाला आत सोडायचं नि कोणाला नाही, सगळं तेच बघायचं. या क्लासमध्ये ते पहिल्यांदाच चालू झालं होतं आणि आज सकाळी त्यानं ही त्रेचाळीस खाती पकडून कुलूपबंद केली होती. बारा वाजता क्लासच्याच संगणकांवर शिष्यवृत्तीची परीक्षा. जो आत जाणार नाही, त्याचं या वर्षाचं शिक्षण तिथंच थांबणार.

एक नंबर, एक माणूस. नियम रुद्राणीचाच होता, आणि मोठा कडक होता. नाव दाखल्याशी जुळलंच पाहिजे, हा दुसरा नियमही तसाच; चाचणी घेताना तर त्यानं तिच्या आईलाच अडवलं होतं. आईनं आपल्या वडिलांचं नाव महादेवप्पा लिहिलं. तिच्या शाळेच्या जुन्या दाखल्यावर निघालं अंबिका रेणुकादास. "कारकुनाची चूक बघ आई, तीस वर्षं कोणी दुरुस्तसुद्धा केली नाही!" म्हणून रुद्राणी हसली होती. आई हसली नाही. तिनं दाखला घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला आणि रोजच्यासारखा लेकीच्या कपाळाला बुक्का लावला. घर लिंगायतांचं, बाकी सगळ्यांच्या कपाळी भस्म. आईचं बोट तेवढं बुक्क्याच्या डबीत. का, ते कोणी विचारत नसे. भूकंपातून एकटं वाचलेल्या माणसाला घरात फार काही विचारत नाहीत.

"पुसते," रुद्राणी म्हणाली, "पण आधी त्या नंबरला फोन लावते."

पहिल्याच रिंगला फोन उचलला. मागं भांड्यांचा खणखणाट.

"हां, बोल बाळा. किनवटची का जळकोटची?"

"कोण बोलतंय?"

"नीलाबाई. मेसवाली. क्लासच्या मागच्या गल्लीत."

"टोळी आहे टोळी," अनिमेष कुजबुजला.

साडेदहा वाजले होते. रुद्राणीनं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि स्कूटी काढली.

मेसच्या भिंतीवर खडूनं नावं लिहिली होती, त्रेचाळीस. खाली चाळिशीची एक बाई भराभरा भाकरी थापत होती.

"मावशी, हे काय करताय तुम्ही? एका नंबरवर एवढी पोरं?"

"मग काय करावं बाई? होस्टेलवाले लेकरांचे फोन काढून घेतेत. गावाकडं आईबापाच्या फोनला रेंज न्हाई. नंबर कुणाचा टाकायचा? म्हणलं, टाका माझा. खातं उघडायच्या दिवशी फोन घेऊन फाटकात हुभी होते. आकडा आला की नाव घेऊन हाळी द्यायची. आज बी जायचंय, म्हणून तर भाकरीची घाई."

"पण तुम्ही त्यांच्या कोण?"

नीलाबाईचे हात थांबले. मग ती खळखळून हसली.

"अगदी हेच इचारलं होतं छावणीत!"

किल्लारीच्या भूकंपानंतरची छावणी. नीली तेव्हा दहा वर्षांची. यादीत घरच्या कर्त्याचं नाव लिहायचं आणि त्याखाली त्याची माणसं. ज्यांचं कोणीच उरलं नव्हतं ती लेकरं टेबलाच्या बाजूला उभी. त्यांना कोणत्या पानावर घ्यायचं, ते कारकुनालाही कळेना. तेवढ्यात रांगेतून एक कीर्तनकार बुवा पुढं आले. त्यांचंही घरदार गेलेलं, वीणा ढिगाऱ्यात गेलेली. बुक्क्याची डबी तेवढी कनवटीला उरलेली. त्यांनी एकेका लेकराच्या कपाळाला बोट टेकवलं.

"कारकून म्हणला, बुवा, तेवीस लेकरं तुमची? बुवा म्हणले, ज्याच्या कपाळाला माझा बुक्का, ते माझ्या घरचं. बापाच्या जागी माझं नाव लिहा."

"आणि लिहिलं?"

"लिहिलं की! रडत रडत लिहिलं बिचाऱ्यानं. त्याच नावावर शिकलो समदे."

पिठाचा डबा सरकवून रुद्राणीनं बाकावर लॅपटॉप उघडला. आठ महिन्यांचा नियम मोडायला चाळीस मिनिटं लागली. फॉर्ममध्ये एक नवी चौकट आली: पालक. एका पालकाचा नंबर कितीही लेकरांना चालेल. अनिमेषनं फोनवर जरा कुरकुर केली, मग सगळं ऐकून म्हणाला, "अगं मग बसलीस काय, उघड लवकर!"

पावणेबाराला फाटकात नीलाबाईच्या फोनची टुणटुण सुरू झाली. कीर्तनात टाळ धरावा तसा तिनं फोन छातीशी धरला होता. "मुग्धा, चार सात शून्य! शरणप्पा, पळ की रं मेल्या, तुझा आला!" एकेक लेकरू आत पळत होतं. बाराला दोन मिनिटं असताना त्रेचाळिसावं आत गेलं आणि नीलाबाई पायरीवर मटकन बसली. रुद्राणीही बसली. आता कुठं तिला पुरता श्वास आला.

"मावशी, बुवांचं नाव काय हो?"

"रेणुकादास." पदरानं घाम पुसता पुसता नीलाबाईची नजर रुद्राणीच्या कपाळावर अडकली. "आगं, तुला कुणी लावला हा बुक्का? तू कुणाची?"

रुद्राणीनं कपाळावरच्या बुक्क्याला बोट लावलं.

"अंबिका रेणुकादासची."