किल्ल्यातले बाबा

बायपासनंतर बाबांना घरात पाण्याची कळशीही कुणी उचलू देत नव्हतं. कंटाळून त्यांनी लेकीच्या हातातला गेम मागून घेतला. पडद्यावर चौकटींचं रणांगण होतं आणि सैनिकांना तिने घरच्यांचीच नावं दिली होती. आई घोड्यावर, मावशी धनुष्य घेऊन. ‘बाबा’ मात्र मागे किल्ल्यात, भारीतलं चिलखत घालून, एकही लढाई न लढता अजून पहिल्याच लेव्हलला.

“मला का कोंडलंयस?”

“यात मेलेला परत येत नाही, बाबा. कुणी मेलं की मी सेव्ह न करता बंद करते आणि डाव पुन्हा लावते.”

पडद्यावरच्या पुलावर आईला शत्रूच्या तिघांनी घेरलं होतं. बाबांनी ‘बाबा’ला बाहेर काढून तिच्यापुढे उभं केलं. दोन वार चिलखताने झेलले, तिसऱ्याला तो पडला. तेवढ्यात मावशीचे बाण पोचले आणि आई सुटली.

“बंद करा, पटकन!” लेक ओरडली.

बाबांनी शांतपणे सेव्ह केलं. गेम तिच्या हातात दिला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

“अहो, निघालात कुठे?” आतून आईने विचारलं.

“भाजीला. किल्ल्यात बसणारा मघाशीच गेला.”