बहिणीच्या पेशी

शहाण्णव साली भावाला रक्ताचा कॅन्सर झाला आणि सगळ्या गोतावळ्यात एकट्या थोरल्या बहिणीच्या पेशी त्याच्याशी जुळल्या. अस्थिमज्जा देऊन आल्यावर ती त्याला म्हणाली, "आता माझ्यासारखाच भांडकुदळ होशील हं तू!"

महिन्याभरात त्याच्या अंगाची सालं निघू लागली. डॉक्टरांनी समजावलं, "बहिणीच्या पेशींना त्याचं शरीर परकं वाटतंय, म्हणून त्या हल्ला करतायत."

आई गर्रकन थोरलीकडे वळली. "लहानपणापासून पाण्यात पाहायचीस ना त्याला? शेवटी रक्तानंच दाखवलं!"

भाऊ गेला. त्याच्यामागोमाग वडील गेले. आई आता थोरलीकडेच असते, हात थरथरतात म्हणून तिच्याच हातून जेवते.

घास पुढे केला की रोज म्हणते, "आधी तू खाऊन दाखव."