टाकीतला सूर

"पंप बसवू नका," तो म्हणाला आणि आपल्याच आवाजाला दचकला.

गाडीखालून मिस्त्रीचे फक्त पाय दिसत होते. ते हलायचे थांबले. मिस्त्री पाठीवर सरकत बाहेर आला.

"दादा, इंजेक्टर मोठे बसवले, पाइप बदलला. आता टाकीतला पंपच जुना ठेवला, तर इंजिनाला वाढीव पेट्रोल पोचणार कसं? घोड्याला लगाम सोन्याचा आणि चारा मूठभर?"

"म्हणूनच सांगतोय. आणि तिला कळू देऊ नका."

ती म्हणजे त्याची बायको. गाडी तिची, वेगाचं वेडही तिचंच. एकदा वळणावर गाडी घसरली, तेव्हा ती हसत खाली उतरली होती. हा मात्र तेव्हापासून तिच्या शेजारी डोळे गच्च मिटून, देवाचं नाव घेत बसायचा. तरी तिनं विचारलं तेव्हा छातीठोकपणे म्हणाला होता, "कर की आणखी वेगवान! मी आहे ना शेजारी."

मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या चिकटपट्टी लावलेल्या खोक्याकडे. गालातल्या गालात हसला. "बरं. पंपाचं खोकं तेवढं फळीवर ठेवा."

त्यानं खोकं उचललं. फुलासारखं हलकं. एवढ्याशा ओझ्यात केवढा वेग भरतात माणसं, असं त्याला वाटून गेलं.

सकाळी ती त्याला घेऊन निघाली. रस्ता धुक्यात विरघळला होता. झाडं जवळ यायची आणि आठवणींसारखी मागे सरायची. किल्ली फिरवताना मागच्या सीटखालून पंपाचा बारीक गुंजारव उठला होता, गाण्याआधी कुणी सूर लावून बसावं तसा. तोच जुना सूर. त्याला पाठ होता.

"ऐकलास ना? नवा!" ती म्हणाली.

"वा! फरक कळतो."

"उडतोय आपण, नाही रे?"

"चाकं जमिनीला लागतायत कुठं!"

ती गुणगुणू लागली. आज त्याचे डोळे उघडे होते. तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला होता, की त्याला गलबलून आलं. पाखराचे पंख कापले आणि वर त्याला आभाळ दाखवतोय आपण!

घरी परतल्यावर तो न्याहारीलाही थांबला नाही. तडक गॅरेजात गेला.

"मिस्त्री, चुकलं माझं. भीती माझी, शिक्षा तिला कशाला? बसवा तो पंप. मी बसेन डोळे मिटून."

मिस्त्रीनं हात पुसले. "आता नाही जमायचं, दादा."

"का?"

मिस्त्रीनं फळीवरचं खोकं काढलं, पट्टी उचकटली. आत चिंध्या कोंबलेल्या होत्या.

"पंप वहिनींनी तुमच्या आधीच येऊन परत पाठवला. म्हणाल्या, 'गाडी सावकाशच चालवेन, पण त्याचा मान राहावा म्हणून त्याला नवाच बसवला असं सांगेन. एकदा तरी डोळे उघडे ठेवून बसू दे माझ्या शेजारी.'"