उताणं झुरळ

टेंपो हॉटेलच्या अगदी दारात लागला, मोठ्या काचेसमोर, रस्त्यावरून कुठूनही दिसेल असा. बायकोनंच नवऱ्याला तसा लावायला सांगितला होता. तिच्या मांडीवर पोरगी पेंगत होती, आणि मनात सकाळपासून एकच घोर होता: वर्षाचं काम आज पक्कं झालं पाहिजे. हॉटेलमालकाची गावात चार हॉटेलं. चारही स्वयंपाकघरांत दर महिन्याला झुरळांचं औषध मारायचं. हे मिळालं तर नवऱ्याला दारोदार कार्डं वाटत फिरायला नको.

नवरा उतरला, शर्ट खाली ओढला, आणि जाता जाता गाडीवर एक नजर टाकली. अजून त्याला सवय झाली नव्हती.

टेंपो जुनाच. पण गेल्या आठवड्यापर्यंत तो इतका कळकट होता की कुठल्याही फाटकावर पहारेकरी हात आडवा करायचा. एका बंगल्यात तर भंगारवाला समजून कुणीतरी मोडके पंखे बाहेर आणून ठेवले होते. त्या दिवशी बायको म्हणाली, आता बास. तुमचं काम कुणी बघत नाही, आधी गाडी बघतात. रंग तिनं निवडला, पिवळाधमक. मजकूर तिनं कागदावर लिहून दिला. आणि एका बाजूला, दोन हात लांब, उताणं पडलेलं झुरळ. पेंटरनं त्यात जीव ओतला होता. पायांवरचे केससुद्धा सोडले नव्हते. "वहिनी, मेलेलंय, पण बघा कसं जिवंत वाटतंय," असं तो दोनदा म्हणाला होता.

काचेपलीकडे लोक जेवत होते. एकानं मान वर केली आणि घास हातातच धरून बघत राहिला. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं आपल्या नवऱ्याला कोपर मारून दाखवलं. टेंपोत बसलेली ती जराशी सावरून बसली. लोक वाचताहेत, तिला वाटलं.

मग एक कुटुंब दाराशी आलं. आजोबा, सून, मुलं. पुढे आलेल्या सुनेनं टेंपोकडे पाहिलं, आत पाहिलं, परत टेंपोकडे पाहिलं. मागे वळून सासऱ्यांना काहीतरी पुटपुटली. सगळी वरात रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात गेली.

मालक बाहेर आला तो गिऱ्हाइकांसाठीचं हसू घेऊनच. पायरी उतरल्यावर ते मावळलं. नवऱ्यानं पुढे केलेलं कार्ड त्यानं घेतलंच नाही.

"आधी ही गाडी मागच्या गल्लीत घ्या. मग बोलू."

नवऱ्यानं समजावून पाहिलं की झुरळ मेलेलं दाखवलंय, मुद्दामच तसं काढून घेतलंय.

"ते मला कळतं हो," मालक म्हणाला. "जेवायला बसलेल्याला एवढंच कळतं, की माझ्याकडे झुरळं आहेत."

मागच्या गल्लीत मात्र तो वेगळाच माणूस झाला. रिकाम्या क्रेटवर बसून त्यानं सगळं नीट विचारून घेतलं. कुठलं औषध, वास किती वेळ राहतो, भांडी कशी झाकता. एकदोनदा नवरा अडखळला तेव्हा तिनं खिडकीतूनच उत्तर दिलं. घरात रांगतं पोर असताना तिचे स्वतःचेच हे सगळे प्रश्न आधी विचारून झाले होते. मालकाला ते पटलेलं दिसलं. तासाभरात हॉटेल दुपारचं बंद होईल, तो म्हणाला, आजपासूनच हात घाला. चारही हॉटेलांचं काम तुमचं.

तिनं पोरीला घट्ट धरलं. पोरगी कुरकुरली.

"फक्त एक करा," मालक उठता उठता म्हणाला. "शेजारच्या बेकरीत तुम्ही यायचात ना, त्या कळकट टेंपोतून? तोच आणत जा. वर्षभर येत होतात, पण कुणाला पत्ता नाही कशाला येता. म्हणून तर मी बेकरीवाल्याकडून तुमचा नंबर घेतला."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. ती पिवळ्या दाराकडे बघत होती. कोपऱ्यातल्या रंगाचा वास अजून गेला नव्हता.

"आणू की," ती म्हणाली. "आहे घरीच."

मालक आत जाताना बजावून गेला, की पार्सलवाले याच गल्लीतून येतात, आजच्यापुरतं त्या झुरळावर काहीतरी टाका.

नवऱ्यानं पंप पाठीला लावला आणि सगळ्या चादरी काखेत मारून आधी भांडी झाकून घ्यायला आत गेला. त्या तरी पुरतील की नाही, कोण जाणे. टेंपोत राहिली पोरीची दुलई. बदकं असलेली, एका टोकाला चघळून चोथा झालेली.

तिनं पोरीला खाली उभं केलं. दुलईची दोन टोकं वरच्या कडीला बांधली आणि उरलेली खाली सोडली. पोट झाकलं गेलं, पंख झाकले गेले. मिशा तेवढ्या वर राहिल्या, लांब, काळ्या, बदकांच्या डोक्यावरून बाहेर आलेल्या.

पोरगी मान तिरकी करून बघत होती.

"आई, झोपलं?"

तिनं दुलई वर सरकवली. मिशा झाकल्या, तर पाय उघडे पडले.

"झोपलं," ती म्हणाली. "हळू बोल."