काढायची कशाला घाई

मनकर्णाबाईंनी पेनाचं टोपण काढलं, करारावर सहीची जागा बोटानं शोधली आणि तिथंच थांबल्या.

"विश्वंभर भाऊ, एक सांगा. ही सगळी माहिती उद्या तुमच्याकडून परत न्यायची म्हटली, तर कशी न्यायची?"

विश्वंभर मूळचा हिंगोलीकडच्या पुसेगावचा; माहिती साठवणाऱ्या कंपनीच्या वतीनं नांदेडहून कळमनुरीला आला होता. गिऱ्हाईक काय काय विचारील, ते कंपनीनं त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. हा प्रश्न त्यात नव्हता.

"मावशी, आजून टाकली बी न्हाई, अन् काढायची कशाला घाई?" तो हसला. "सेफ राहते आमच्याकडं."

मनकर्णाबाईंची सून पुनम हिनं कपाळाला हात लावला. हे स्थळ मोडतंय की काय, अशी तिला धास्ती वाटली.

मनकर्णाबाईंचं वधू-वर सूचक केंद्र म्हणजे रस्त्यावरची एक खोली. कळमनुरीपासून औंढ्यापर्यंतची लग्नाची पोरंपोरी तिथल्या कंप्युटरात नांदत होती. पावसाळ्यात त्या कंप्युटरात उंदीर शिरला. उंदराला स्थळ नको होतं, वायर हवी होती. मेकॅनिक येईपर्यंत निम्म्या तालुक्याच्या सोयरिकी अडल्या. तेव्हापासून पुनमनं धोशा लावला होता की माहिती क्लाउडवर ठेवायची. म्हणजे कंपनीच्या दूरच्या मोठ्या मशीनवर. मोबाइलवर कुठूनही उघडते आणि तिथवर उंदीर पोचत नाही. मनकर्णाबाईंना ते पटलं होतं. पण एवढी माहिती हातची गेली तर केंद्रात उरणार काय? चार खुर्च्या आणि गणपतीचा फोटो.

"घाई न्हाई वो," त्या म्हणाल्या. "वाट ठावी असावी."

"येते की परत. फकस्त आमच्या फॉरमॅटमधी येते. दुसऱ्या कंपनीकडं ती फाइल उघडत न्हाई."

"म्हंजी पोरीनं माहेरी यावं, पण तोंड उघडू नये."

"मावशी, तुमी लग्नाच्या आधीच काडीमोडाचं बोलून राहिल्या!"

"मग कवा बोलावं? नंतर ऐकतं कोण?"

"आत्या, करा ना सही," पुनम कळवळली. "ऑफर आजच्यापुरती हाय."

"आजच उरका म्हणणारी माणसं लई बघितली मी, पुनम. तिथं एक तर सासरा आजारी असतो, न्हाई तर नवरदेव."

विश्वंभरनं घाम पुसला. मनकर्णाबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. शर्टाला इस्त्री. बुटांवर धूळ, पण बूट पॉलिशचे. बोलणं लबाडाचं, डोळे मात्र नाहीत. त्यांनी पेन आडवं ठेवलं.

"तुमचं लग्न झालं का वो?"

समोरचा कंपनीचा माणूस जणू क्षणात उठून गेला आणि त्याच खुर्चीवर पुसेगावचं एक लाजरं पोरगं येऊन बसलं.

"न्हाई ना, मावशी. घरचे कवाचे बघून राहिले."

"शिक्षण?"

"एमेस्सी. केमिस्ट्री."

"अन् मोकळं हिंडून राहिले! काहून? चला, आधी तुमची नोंद करू. पुनम, च्या ठेव. मार्कशीट दाखवा."

विश्वंभरनं मोठ्या उमेदीनं मोबाइल पुढं केला. "ही बघा. फर्स्ट क्लास हाय."

"फोटू नगं. ओरिजिनल."

हा केंद्राचा दंडक होता. एका बारावी नापासाचं त्यांच्या हातून इंजिनिअर म्हणून लग्न लागलं होतं. ती पोरगी अजूनही बाजारात भेटली की मनकर्णाबाईंकडं पाहून पायातल्या चपलेकडं बघते. तेव्हापासून ओरिजिनल कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या नवरदेवाची नोंद करीत नाहीत. आमदाराच्या भाच्यालाही त्यांनी माघारी धाडलं होतं.

"ओरिजिनल माझ्याकडं न्हाईत," विश्वंभर म्हणाला. "कंपनीत जमा हायत. नोकरीला लागतानाच ठेवून घेतात."

"मग मागून आणा की."

"मागितल्या होत्या मावशी. उन्हाळ्यात हिंगोलीला एका लॅबमधी नोकरी लागून राहिली होती. घरून जाऊन-येऊन करता आलं असतं. ओरिजिनल घेऊन या म्हणले. मी सायबाकडं गेलो. तर सायेब म्हणले..."

तो थांबला.

"काय म्हणले?"

विश्वंभरनं मोबाइल खिशात घातला.

"म्हणले, काढायची कशाला घाई? सेफ हायत आमच्याकडं."

विश्वंभरच्या कानापर्यंत त्याचंच वाक्य आता कुठं पोचत होतं.

चहाचं आधण उकळून उतू गेलं, तशी पुनम भानावर आली. तिनं गॅस बंद केला आणि टेबलावरचा करार उचलून मुकाट्यानं विश्वंभरच्या पिशवीत घातला.

"आत्या, मी दुसरी कंपनी बघते," ती म्हणाली. "क्लाउडच घेऊ. पण पहिले परत न्यायचं विचारते, मग ठेवायचं."

"अन् नुसतं विचारू नको. दोन नावं टाकून बघ, काढून बघ, आपल्या मशीनवर उघडून बघ. मग बाकीच्यांची वरात."

मनकर्णाबाईंनी पेनाला टोपण लावलं. विश्वंभरपुढं चहाची बशी सरकवली आणि घरच्या पोराशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या,

"पी बाबा. अन् मार्कशीट सुटल्या की ये. तुझी अन् तुझ्या कंपनीची, दोन्ही सोयरिकी त्याच दिवशी बघू."