हातची चव

सौदा गोदाक्कांच्या फायद्याचा होता: चहा कंपनीच्या तीनशे दुकानांत त्यांचा फोटो आणि जन्मभर रोज एक कप फुकट. बदल्यात कंपनीच्या यंत्राने त्यांच्या हातची चव काढून घेतली. तेव्हापासून घरी तेच आलं, तीच पावडर, पण चहा धुवणासारखा. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याने, आण्णांनी, कप परत पाठवला.

गोदाक्का थर्मास घेऊन दुकानात गेल्या.

"चहा इथेच प्यायचा, आजी. पार्सल कुणालाच नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"चव माझी, आणि नवऱ्याला न्यायची तर परवानगी तुझी?"

"चव आता कंपनीची."

गोदाक्कांनी फुकटचा कप भिंतीवरच्या आपल्याच फोटोवर भिरकावला.

कंपनीला चव मिळाली, त्यांना भिंत. किंमत आण्णांनी मोजली, आणि त्यांची तर कुठे सहीही नव्हती.